नखाएवढं प्रवाळ

अरे, रविवारी काय झालं ऐक, अजून अंगावर काटा येतोय! आमचा ग्रुप माहितीये ना, घरच्या टाकीत खारं पाणी करून जिवंत प्रवाळ वाढवणाऱ्यांचा? पूर्वी जो तो आपलं प्रवाळ कवटाळून बसायचा. मग खोताच्या वाडीतल्या लीनाआंटींनी विरजणाचा नियम काढला. एक तुकडा घ्यायचा, वाढला की त्यातला पुढच्याला द्यायचा.

सगळ्यात जास्त कोण भांडलं? मी! "आंटी, माझं हिरवं मी दोन वर्षं जपलंय." शेवटी लाजेकाजेस्तव नखाएवढा तुकडा तोडून दिला.

गेल्या महिन्यात माझ्या टाकीचा हीटर बंदच होईना. पाणी तापलं, सगळं प्रवाळ पांढरं पडलं. खलास!

रविवारी दादरला सगळे जमलो, तर आंटींच्या डब्यात तळहाताएवढं हिरवंगार प्रवाळ! माझं कधी इतकं फुललंच नव्हतं. मी वेडाच झालो.

"आंटी, कुठून आणलंत? बाहेरून मागवलंत?"

"नाही रे, घोडपदेवचं आहे."

"आमच्या घोडपदेवला कोणाकडे? तिथे तर मी एकटाच..."

बोलता बोलता मी डब्यावर वाकून नीट बघायला लागलो.

"तुझंच ते," आंटी हसल्या. "तीन घरं फिरून माझ्याकडे आलं."

आणि सगळ्यांसमोर त्यांनी कटरने त्याचे सरळ दोन भाग केले, अर्धं माझ्या डब्यात टाकलं आणि म्हणतात काय?

"नखाएवढं तोडायला मला जमत नाही बाबा."