शेजारच्या खुर्चीची सवलत

नाव ग्वाक ओक-ही, वय ६८ वर्षे, व्यवसाय मुलींच्या शाळेतून निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार साम्सॉन टेकडी, सॉन्गबुक विभाग, सोल. आज पोलिस ठाण्यात स्वतः हजर होऊन, कोणाच्याही सांगण्यावरून अथवा दबावावरून नव्हे, तर विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरादाखल मी पुढीलप्रमाणे सांगते.

माझे घर दुमजली असून वरच्या मजल्यावर मी एकटी राहते. खालच्या मजल्यावर दीड वर्षापासून यू मिरान, वय ३७, ही तिची मुलगी दासोम, वय ९, हिच्यासह भाड्याने राहते. मिरान घरी बसून शालेय पुस्तकांची मुद्रिते तपासते. ती मला बाई म्हणते आणि दासोम मला आजी म्हणते. आमचे रक्ताचे नाते नाही.

मिरानच्या पूर्वीच्या नवऱ्याचे नाव प्यो संगजे. त्यांचा घटस्फोट झालेला आहे. त्याने एकदा तिच्या राहत्या घराचे दार फोडले होते. त्यावरून न्यायालयाने त्याला तिच्या व मुलीच्या जवळ न येण्याचा आदेश दिला होता, मात्र आदेशाची मुदत संपली आहे. मिरानने त्यानंतर गाव बदलले, फोन क्रमांक बदलला आणि स्वतःचे नाव कायदेशीररीत्या बदलून घेतले. मागील हिवाळ्याच्या तोंडावर आम्ही दोघी किमचीच्या लोणच्यासाठी कोबीला मीठ लावत असताना ती आपणहून म्हणाली, "हात क्वचितच उचलायचा, बाई. शोधून काढायचा. मी कुठल्या दुकानात आहे, कुणाशी बोलते, सगळं. आणि सापडले की हसायचा." तिने पुढचा कोबी घेतला.

घडलेली हकिगत समजण्यासाठी नाटकाची तिकिटे स्वस्तात देणारे "सोबत" नावाचे अॅप कसे चालते हे आधी सांगणे आवश्यक आहे. या ठिकाणी अंमलदार म्हणाले, "मावशी, थोडक्यात सांगा." मी त्यांना सांगितले की थोडक्यात सांगितल्यानेच हे घडले आहे, म्हणून आता सविस्तर लिहून घ्यावे.

या अॅपमध्ये आपण आपल्याविषयी जितके सांगू तितके तिकीट स्वस्त होते. जन्मतारीख दिली की थोडी सूट मिळते. फोनमधील ओळखीच्या लोकांची यादी पाहू दिली की अधिक मिळते. चेहरा दिला की दुपारच्या खेळाचे तिकीट निम्म्या किमतीत पडते, कारण मग दारावर तिकीट दाखवावे लागत नाही. तेथील कॅमेऱ्याकडे पाहिले की दार उघडते. शिवाय आपण कोणाबरोबर नाटक पाहतो हे नोंदवले, तर त्या व्यक्तीस अॅपच्या भाषेत आपला "सोबती" म्हणतात. दोघांनी शेजारी-शेजारी बसावे यासाठीही सूट आहे. हेतू असा की माणसाने एकट्याने नाटक पाहू नये. मला हा हेतू फार आवडला होता.

आमच्या वस्तीतील आठ-दहा बायका दर बुधवारी देहाकनो रस्त्यावरील छोट्या नाट्यगृहांत दुपारचा खेळ पाहायला जातात. हा उपक्रम मी सुरू केला आहे. जाण्यापूर्वी वस्तीच्या सभागृहात मी त्यांना नाटकाविषयी चार गोष्टी सांगते. त्या दिवशी नाटकाऐवजी मी हे अॅप समजावून सांगितले, जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर आकृती काढून. बायकांनी आपापले फोन पुढे केले. मिरान मागच्या खुर्चीवर बसून होती. ती म्हणाली, "मी येत जाईन बाई, पण पूर्ण पैसे देऊन. चेहरा नको."

वास्तविक पूर्ण पैसे देऊन दर बुधवारी येणे तिला परवडणारे नव्हते आणि ती येऊ इच्छित होती. नाटकाचा विषय निघाला की तिचा आवाज बदलत असे. मी तिला म्हटले, "अगं, यात चेहरा साठवतच नाहीत. दोन डोळ्यांतलं अंतर, नाकाची लांबी, हनुवटीचा कोन, अशी मापं घेतात आणि त्यांचे आकडे करतात. चेहरा फेकून देतात. आकड्यांवरून चेहरा परत बनवता येत नाही." तरी तिला पटेना, म्हणून मी माशाच्या वडीचे उदाहरण दिले. मासा वाटून त्याची वडी केली, की त्या वडीतून पुन्हा मासा तयार करता येत नाही.

त्यावर मिरान म्हणाली, "मासा परत होत नाही बाई, पण मांजराला वास येतोच की."

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. कोपऱ्यातील कोणीतरी "म्याऊ" असे म्हणाले आणि हशा पुन्हा उसळला. मिरानही शेवटी हसली. माझे उदाहरण शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होते, हे मी आजही सांगते. ज्या प्रश्नाचे ते उत्तर होते तो प्रश्न तिने विचारलेला नव्हता.

मी तिच्यासाठी पुष्कळ काळजी घेतली. नावाच्या जागी "दासोमची आई" असे लिहिले. फोन क्रमांक माझा दिला. तिचा स्वतःचा फोन अॅपला जोडूच दिला नाही. तिला माझी सोबती म्हणून नोंदवले. मग तिला चेहरा माझ्या फोनसमोर धरायला सांगितले. ती केस कानामागे सारून स्थिर उभी राहिली. "आता धोका शून्य," असे मी तिला म्हणाले. हेच शब्द मी वापरले.

पहिले दोन बुधवार चांगले गेले. दोन्ही दिवशी संध्याकाळी ती जिन्याच्या पायरीवर बसून दासोमला सगळे नाटक आवाज काढून करून दाखवत होती. ते मला वर ऐकू येत होते.

तिसऱ्या बुधवारचे नाटक लग्नाच्या हॉलमधील गोंधळाविषयीचे विनोदी नाटक होते. नाट्यगृह तळघरात आहे. बसायला बाके असून त्यांवर उशा ठेवून जागांचे क्रमांक घातले आहेत. बाहेर जाण्याचा रस्ता रंगमंचाच्या कडेवरूनच असल्यामुळे खेळ सुरू झाल्यावर कोणीही उठत नाही. मिरान भिंतीकडून दुसरी बसली होती. तिच्या उजवीकडे मी होते, डावीकडची भिंतीलगतची जागा रिकामी होती. दिवे मंदावताना एक गृहस्थ वाकून, "माफ करा हं," असे पुटपुटत आमच्या गुडघ्यांसमोरून पलीकडे गेला व त्या जागी बसला. करडा कोट, नीट विंचरलेले केस. त्याने मलाही मान लववून नमस्कार केला. मीही केला.

तो प्यो संगजे होता. मला ते ठाऊक नव्हते. मिरानने मला हाक मारली नाही, हात धरला नाही. ती समोर पाहत राहिली. प्रेक्षक हसत तेव्हा ती हसत होती, एका क्षणानेही उशीर न करता. त्यामुळे मला काही वेगळे जाणवले नाही. फक्त आमच्या दोघींमध्ये ठेवलेली उशी तिने स्वतःच्या पोटाशी घेतली होती.

नाटकाच्या मध्यावर एक नट प्रेक्षकांसमोर येऊन म्हणाला, "मंडळी, घात झाला! नवरीची आई रुसून गेलीय. तुमच्यातली कोणी आई उसनी मिळेल का?" अशा वेळी आमच्या मंडळीतील बायका एकमेकींना ढकलतात, पण हात कोणी वर करत नाही. मिरानने हात वर केला. ती उठली, माझ्यासमोरून गेली आणि मंचावर चढली. नटाने तिला विचारले, "आईसाहेब, एवढ्या उशिरा? कुठं होतात?" ती म्हणाली, "लपले होते." प्रेक्षागृह हसून लोटपोट झाले. मग ती नवरीच्या जवळून, नवरदेवाच्या जवळून चालत गेली, मागचा पडदा बाजूला केला आणि आत गेली. ती परत आली नाही. नट म्हणाला, "बघा, हीपण रुसली!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारचा गृहस्थही टाळ्या वाजवत होता.

मिरानची जागा आता आमच्या दोघांमध्ये रिकामी होती. तो त्या जागेवर सरकून आला आणि माझ्या कानाशी अतिशय सभ्यपणे म्हणाला, "बाई, तुमचे आभार मानायचे राहिले. तुमच्यामुळे ही जागा अर्ध्या किमतीत मिळाली." त्याने हाताच्या आडोशात फोन धरून मला संदेश दाखवला. त्यात लिहिले होते की आपल्या जुन्या सोबती हल्ली बुधवारी दुपारचे खेळ पाहतात, त्यांच्याशेजारची जागा रिकामी आहे, पुन्हा एकत्र नाटक पाहणाऱ्यांना विशेष सवलत. खाली मिरानचा लग्नाच्या काळातील फोटो होता. तो त्याने त्या वेळी नोंदवलेला असावा. नाव बदलले होते, क्रमांक बदलला होता, आणि माझ्या सर्व काळजीनंतर अॅपकडे उरलेले आकडे त्या फोटोच्या आकड्यांशी जुळले होते. चेहरा परत बनवण्याची कोणालाच गरज पडली नव्हती.

मी संदेश वाचत असतानाच त्याने विचारले, "दासोमची शाळा अजून दोनलाच सुटते का हो?"

मी चौतीस वर्षे शिकवले आहे. प्रश्न विचारला की मी उत्तर देते. मी म्हणाले, "नाही, बुधवारी ती..." आणि थांबले.

तो म्हणाला, "बुधवारी. असं होय." आणि हसला.

बुधवारी शाळेनंतर दासोमचा पोहण्याचा वर्ग असतो. खेळ संपेपर्यंत मी जागेवरून हलले नाही, कारण मी उठले असते तर तोही उठला असता. रंगमंचावर काय चालले होते ते मी सांगू शकत नाही. मिरानची पिशवी बाकाखाली होती. तिच्यात तिचा फोन व घराची किल्ली होती. दिवे लागताच त्याने पिशवी उचलली. मी तिचा पट्टा धरला. तो म्हणाला, "राहू द्या बाई, जड आहे. मी पोचवतो ना." मी पट्टा सोडला नाही. आमच्या मंडळीतील बायका वळून पाहू लागल्या. तेव्हा त्याने पिशवी सोडली, मला कमरेत वाकून नमस्कार केला आणि तो गर्दीबरोबर जिना चढून गेला.

मी नाट्यगृहाच्या कचेरीतून तलावावर फोन केला. तेथील शिकवणाऱ्या बाईंनी सांगितले की मुलीची आई थोड्या वेळापूर्वी धावत आली व मुलीला घेऊन गेली. "केस तरी पुसू द्या म्हटलं, थंडी आहे. ऐकलंच नाही त्यांनी." त्यानंतर मी थेट घरी गेले. नेहमीप्रमाणे भुयारी रेल्वेने उतरून चढ चढले. मागे वळून पाहिले नाही. मागे पाहायला हवे होते, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडल्यावर कळले. तो समोरच्या धोब्याच्या दुकानापाशी कॉफीचा पेला घेऊन उभा होता. त्याने मला हात केला.

तो काल दिवसभर होता. आज मी येथे येण्यास निघाले तेव्हाही होता. तो कोणाशी भांडत नाही, दारावर थाप मारत नाही. आपल्या चौकीतील शिपाई येऊन त्याच्याशी बोलून गेले आणि मला म्हणाले, "आजी, रस्त्यावर उभं राहणं गुन्हा नाही. त्यांनी तिकीटसुद्धा पैसे देऊन काढलं होतं." मिरान व दासोम त्या बुधवारपासून घरी आलेल्या नाहीत. दासोमची पोहण्याची चप्पल तलावावरच राहिली आहे.

"सोबत" या अॅपला मी मिरानचा चेहरा काढून टाकण्यास कळवले. त्यांचे उत्तर नम्र होते. संबंधित व्यक्तीची ओळख पटवण्यासाठी तिचा चेहरा नव्याने दाखवावा आणि सध्याच्या राहण्याचा पुरावा जोडावा, असे त्यात म्हटले होते. मी उत्तर पाठवले नाही. माझा फोन मी बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला आहे. याला शास्त्रीय आधार नाही याची मला जाणीव आहे.

काल संध्याकाळी माझ्या घरातील जुन्या तारेच्या फोनवर मिरानचा फोन आला. ती कुठे आहे हे तिने सांगितले, कारण कोणाला तरी ठाऊक असावे असे तिला वाटले. मग तिने विचारले, "बाई, तो आता काय काय शोधू शकतो? तुम्हाला समजतं ना त्यातलं?" मी तिला सांगितले की मला माहीत नाही. पलीकडे दासोम खोकत होती.

माझी मागणी अशी आहे की प्यो संगजे यास मिरान व दासोम यांच्या जवळ न येण्याचा आदेश पुन्हा मिळावा, आणि त्यासाठी हा जबाब न्यायालयापुढे ठेवावा.

या ठिकाणी अंमलदारांनी मिरानचा सध्याचा पत्ता विचारला. मी नकार दिला. ते म्हणाले, "मावशी, आम्ही पोलिस आहोत. पत्ता नसेल तर संरक्षण कुठं पाठवायचं? आमच्या यंत्रात सुरक्षित राहतं सगळं." त्यांनी ते यंत्र कसे चालते हेही मला समजावून सांगितले, आणि चांगले सांगितले. संरक्षण माझ्या घरासमोर पाठवावे, तो तेथे आहे, असे मी म्हटले. त्यांनी पुन्हा विचारले असता मी पुन्हा नकार दिला. नकाराचे कारण त्यांनी विचारले, ते मी समजावून सांगितलेले नाही.

वरील मजकूर अंमलदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. दोन ठिकाणी "पती" असे टंकले गेले होते, तेथे "पूर्वीचा नवरा" अशी दुरुस्ती करून घेतली. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणेच उतरले आहे, म्हणून प्रत्येक पानावर सही करून अंगठा उठवला आहे. मिरानच्या पत्त्यासाठी सोडलेली ओळ मी कोरी ठेवायला लावली आहे. ती चुकून राहिलेली नाही.