दादाच्या बोटीचं इंजिन

आमचं गाव धरणात गेलं तवा मी सात वर्षांचा आन् दादा, माझा थोरला भाऊ, सतरा वर्षांचा. शेतं पाण्याखाली गेली, मग दादानं बोट धरली, ह्या काठाची माणसं त्या काठाला न्यायची, आन् मी मोठा झालो तसा चाकणला कंपनीत फिटर लागलो, कंत्राटी, वीस वर्षं नटच आवळले म्हणा. कंपनीनं कमी केलं तवा दादानं आन् वहिनीनं वर्षभर माझी पोरं सांभाळली. ते मी नाकारत न्हाई.

काय सांगू तुम्हाला, बोटीचं इंजिन बसलं आन् दादा म्हणला, दुसरं टाकू, बघ. मी बघितलं तर मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगतात ती, आतनं कुजल्याली, खिळा दाबला की बोटभर आत. मी म्हणलं दादा, आधी फळी बदल, आन् पंधरा हॉर्सचंच घे, बोट म्हातारी हाय, जास्त वजन आन् जोर तिला सोसायचा न्हाई. पण शनिवार-रविवार हिंजवडीची पोरं फिरायला येत्यात, त्यांना बोट पळाय पायजे, म्हणून दादानं कुठनंतरी जुनं चाळीसचं उचलून आणलं. म्हणला, तू कंपनीतला माणूस, पाण्यातलं मला शिकवू नगंस. आन् मी बसवलं. व्हय, माझ्याच हातानं, चार बोल्ट आरपार. नकार द्याय पायजे होता, दिला न्हाई.

तिसऱ्या आठवड्यात वहिनी त्या काठाला माहेरी निघाली, दोघंच बोटीत, मधी दादानं जोर दिला तशी फळी फाटली, इंजिन पाण्यात आन् पाणी बोटीत. दादा पवून आला. वहिनीला पवता येत न्हवतं.

इंजिन वर काढलं तवा फळीचा तुकडा त्याला तसाच धरून होता, चारीबी बोल्ट घट्ट. दादानं ते बघितलं, माझ्या शेजारीच हुबा होता. आन् दहाव्याला सगळ्या भावकीत म्हणला, ह्यानं बोल्ट ढिले ठेवले. मी गप बसलो, त्याची बायको गेल्याली, काय बोलायचं. मला वाटलं चार दिसांनी खरं सांगंल. चार वर्षं झाली. आता माझं दुचाकीचं गॅरेज हाय, पण गावातलं गिऱ्हाईक फिरकत न्हाई.

परवा त्याच्या पोरीचं लगीन झालं. पत्रिकेत सगळी भावकी छापली, सख्ख्या चुलत्याचं नाव न्हाई. पोरीवर माझा राग न्हाई. मंगलाष्टकांच्या टायमाला मी घरातच हुबा ऱ्हायलो, मूठभर आक्षता टाकल्या, म्हणलं सुखानं नांदू दे. मग बायकोनं त्या झाडून घेतल्या.