टायरची तारीख

माझ्या दिराच्या गाडीची गंमत सांगते. त्यानं पुण्याहून दोनच सीटची, हलकी, जोरात पळायची गाडी आणली. टायर पार गुळगुळीत झालेले. नवे टाकून माझ्या बबलूला शेजारी बसवून पोखर्णीला न्यायचं त्यानं ठरवलं. म्हणून मीबी त्याच्यासंगं टायरच्या दुकानात गेले.

दुकानदार म्हणाला, "हे माप लवकर मिळत न्हाई. नशीब तुमचं, चार पडून हायत."

मी विचारलं, "यावर तारीख कुठं असती?"

"वहिनी, टायर हाय, खोकल्याचं औषध न्हाई."

दीर हसायला लागला. "वहिनी बिस्किटाचा पुडाबी तारीख बघितल्याशिवाय फोडत न्हाई."

"बिस्किटानं फार तर पोट दुखतंय, भावजी. पडून जुनं झालेलं रबर रस्त्यात फुटतंय. दाखवा तुमी."

दुकानदारानं नाइलाजानं टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले. त्यातले शेवटचे दोन सालाचे. टायर बबलूहून तीन वर्षांनी मोठा निघाला.

मी म्हणलं, "आमचं पोरगं बालवाडीत हाय. हा टायर दुसरीत पाहिजे होता."

दिराचं हसू थांबलं. त्यानं चालू सालाचे टायर मागवले, ते बसवले तवाच बबलू गाडीत बसला.

आता दुकानासमोरून गेले की दुकानदारच हाक मारतो, "वहिनी, ताजा माल आलाय."