व्हँकुव्हर किती लांब

कॅनडाच्या पूर्व टोकाला, सेंट जॉन्सच्या विमानतळावर धुकं उतरलं होतं. फिलोमिनाबाईंच्या हातात विणकाम होतं, पण कान मागच्या बाकावरच्या नवराबायकोकडे होते.

“व्हँकुव्हर पाच हजार किलोमीटर, ब्राइड! आठ तास उडायचं, आणि उतरल्यावर तिथल्या घड्याळात साडेतीनच तास झालेले!”

“चारदा सांगून झालं, गस.”

“माया असली की अंतर कसलं? पोराला भेटायला मी चंद्रावरसुद्धा जाईन.”

तेवढ्यात घोषणा झाली. धुक्यामुळे विमान रद्द, आता उद्या सकाळी.

“हॉटेलं भरली असणार, गस. तुझ्या भावाकडे जाऊ या. लिओचं घर दहा मिनिटांवर तर आहे.”

“त्या रस्त्याला वळणं किती आहेत, ठाऊक आहे ना?”

“बारा वर्षं तेच ऐकतेय. त्याचं दार उघडंच असतं. ठोठावायचंसुद्धा नाही, सरळ स्वयंपाकघरात शिरायचं.”

“म्हणजे आधी मी जायचं?”

“सख्खा भाऊ आहे तुझा!”

मागे एकेक करून दोन बूट जमिनीवर पडले. बाक करकरला.

“मग त्यानं यावं की. दहा मिनिटं तर लागतात!”