पाचवी सुई

धुळ्याच्या दवाखान्यात भिकुबाई तेरा वर्षांच्या लेकीला घेऊन बसली होती. पिसाळलेलं कुत्रं चावल्यामुळे पोरीला पोटात चौदा सुया घ्यायच्या होत्या, आज पाचवी. शेजारी दोन म्हातारे बोलत होते.

"चुडामणभाऊ, मन्ही नात उभी ऱ्हायनी! डॉक्टरले सांगाले धावत उनू!"

"काय सांगस नाना! सुया टोच्यावर तिना पाय लुळा पडी गयथात ना?"

"हजारमा एखादाले असं व्हस, डॉक्टर म्हणे. आज चुल्हापासून दारलगून चालनी! बठ्ठी गल्ली जमनी!"

"मंग सुया दिन्यात, हाई चुकनंच ना?"

"नही रे. नातले चावनं तेच कुत्रं मन्हा भाऊलेबी चावनं. तो सुयास्ले भ्याना. तेले मरीसन महिना व्हयना."

कंपाउंडरने पोरीचं नाव पुकारलं. म्हाताऱ्यांचं ऐकून भ्यालेली पोर जागची हलेना.

"ऊठ माय," म्हणत भिकुबाईने तिचा हात घट्ट धरला.