तलावाचा अर्ज कोनं केला

...नाई जी, बसा ना, खाटेवर बसा, पानी प्या — पन माह्याकडून नाव भेटन असं समजू नोका. वच्छला ढिवरीनचं तोंड सैल हाये म्हनून कोनी सांगतलं का तुमाले? निनावी अर्ज म्हनता आन् मलेच नाव पुसता — नाव सांगाचंच रायतं तं त्यानं अर्जात नसतं का लिवलं? चंदरपूरच्या हापिसातून आलो म्हनता. असान बाप्पा. पन हापिसातला मानूस आला का पयले सरपंचाकडं चहा पेते, मंग कोतवाल पुढं आन् तो मांगं. तुमी एकलेच, थेट ढिवरटोल्यात. आन् हे लाल फटफटी — पाह्यली हाये मी कुठीतरी. ठेकेदाराच्या मिक्सरजवळ उभी राहे, तेच का? नाई? असन दुसरी. लाल फटफटी का एकच रायते जगात.

अर्ज खरा का खोटा, थे तं टोल्यातली बकरीबी सांगन. तलावाचं तुडुम — पानी सोडाचं दार हो — नवीन बसवलं म्हनून पाळीवर पाटी गाडली. मोठी पिवळी पाटी, 'काम पूर्ण'. दार जुनंच, ठेकेदारानं वरतून सिमेटाचा हात मारला. सारं पानी झिरपून गेलं जी! माघातच तलाव आटला, वीतवीतभर रोहू चिखलात तडफडले — कावळ्याइचं पोट भरलं, आमचं नाई. रडली मी त्या दिवशी, खोटं काऊन सांगू. मंग टोल्यातल्या बिरजूनं गरामसभेत उभं राहून पुसलं — कोनतं काम पूर्ण झालं, दाखवा. त्याच हप्त्यात त्याचा मासे धराचा डोंगा जळाला. बिडीनं जळाला म्हनते. बिरजू बिडी पेतच नाई! म्हनून ह्या खेपी अर्ज बिननावाचा गेला — गेला असन, मले का मालूम.

बयान घ्याचं हाये, अर्जवाल्याच्याच भल्याचं हाये म्हनता... बिरजूलेबी असंच म्हनलं होतं एकानं. बरं, तुमाले मी खोटी वाटतो ना? हे पाहा जाळं. आमी ढिवर जाळ्यावर हात ठेवून खोटं बोलत नाई — बोललं का मासोळी त्या जाळ्याकडं फिरकत नाई, शेवाळ तेवढं येते. हा ठेवला हात. घरोघर सांगतो, मंग तं मानसान? कोलूनं नाई केला — त्याले अंगठा तेवढा येते. देवाजीनं नाई, तो ठेकेदाराच्याच गिट्टीवर कामाले जाते, सोताच्याच पोटावर तो पाय देईन का? सत्यशीलाबाईनं नाई, तिचा दमाच तिले पुरते. बिरजूनं नाई, त्यानं एकडाव भोगलं. झालं. संपला टोला. जा आता.

आमचं? आमचं का सांगू — आमचे हे तिकडं, घाटावर, सावरीखाली डोंग्याले डांबर लावून राह्यले सकाळपासून. त्याइले कुठी फुरसत अर्ज लिवाची. नाव घेऊन सांगू? अगा माय, धन्याचं नाव घेते का कोनी! लग्नात घेतलं तेवढंच, थेबी सासूनं दटावलं म्हनून. नाई जी, नाव नाई घेत मी. रिवाज हाये आमच्यात.

का म्हनलं? नाव नोका घेऊ... 'माह्या मानसानं नाई केला', एवढंच म्हनू?

हात? हात कुठी काहाडला — माशी बसली होती. म्हनतो ना, म्हनतो. थांबा, इथची गाठ सुटली, एवढी मारू द्या... असे काऊन पाहून राह्यले माह्याकडं? लिवता येते त्याइले म्हनून का झालं? चवथी शिकलेले गावात पन्नास हायेत! हासता काऊन? पानी पेलं ना? मंग निघा. मले काम हाये.

ओ भाऊ — मूल गावाले जाचा रस्ता इकडून हाये. इकडून! फटफटी घाटाकडं कायले वळवता? चिखल हाये तिकडं, फसान — ओ भाऊ! तिकडं कोनी नाई! तिकडं कोनीच नाई जी!