सेलेस्टीनबाईंची जमीन आणि आमच्या दोन खोल्या

नाही, पण मला एक सांगा, आम्ही मागितलं काय होतं? दोन खोल्या! बंगला नव्हे, माडी नव्हे... दोन खोल्या आणि आतून लागणारी एक कडी! लग्नाला चार महिने झाले, चार! आणि आम्ही अजून सासूबाईंच्या मागच्या खोलीत, आणि तीही आमची एकट्यांची नाही हो, तिथे एक फ्रीजर आहे, त्यात अर्ध्या गावाची मासळी, त्यामुळे कोणीही केव्हाही दार ढकलून आत, "पड, पड पोरी, उठू नकोस, माझी शेवंड तेवढी काढतो!" आणि शेवंड काढता काढता वर विचारणार, "काय मग, गोड बातमी कधी?"

मी काही बोलले नाही. मी बोलतच नाही फारशी.

बरं, जागा नाही म्हणावं तर तसंही नाही. टेकडीवर चिंचेच्या पलीकडे अख्खी जमीन पडली आहे, शेळ्या चरतात तिच्यावर! सेलेस्टीन म्हणून एक बाई होऊन गेल्या, डोक्यावरून मीठ विकून विकून त्यांनी ती घेतली, आणि जाताना सांगून गेल्या की ही विकायची नाही, वाटायची नाही, माझ्या रक्ताचं जे कोणी असेल त्याने यावं, घर बांधावं, आंबे खावेत. तसं आमच्या कॅरियाकू बेटावर प्रत्येक घराण्याची अशी एक जमीन असतेच. आणि सासूबाई, म्हणजे मिस ईनिड, तीस वर्षं सगळ्या बेटाला सांगत आल्या आहेत की त्यांचे सासरे बोझी हे सेलेस्टीनबाईंचे सख्खे नातू! म्हणजे माझा नवरा केल्डन पणतूचा मुलगा! म्हणजे झालंच की!

कुठलं झालं... त्या जमिनीचं बघतात थिओ अंकल. आम्ही तिघं गेलो तेव्हा ते पोर्चमध्ये तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. म्हणाले, "बोझी? बोझीला तर लहानपणी कोणीतरी होडीतून आणून सोडला होता म्हणतात. रक्त दाखव केल्डन, मग चिंच दाखवतो." सासूबाई अशा उसळल्या! "तुझ्या आईने बोझीच्या हातचं खाल्लंय, थिओ! लाज वाटते का?" अंकल शेंगा सोलतच. "खाल्लं असेल. खाण्याने रक्त होत नाही, ईनिड." आणि मग माझ्याकडे वळून, "आणि तू मध्ये येऊ नकोस हं, जॉयलिन. तू लग्न करून आलेली. तू पाहुणी."

मी एक शब्द बोलले होते का? मी बोलतच नाही फारशी! मी शेंगा सोलत होते. त्यांच्याच!

आता वंशावळ लिहायची कोणी? केल्डन होड्या बांधतो, त्याला फळी दिली तर तो तिचा आजा-पणजा सांगेल, पण माणसांचं विचारू नका. म्हणजे मीच. वही घेतली आणि गावोगावच्या म्हाताऱ्यांकडे फिरले, आणि तुम्हाला सांगते, पूर्वज शोधणं अजिबात अवघड नाही, थांबवणं अवघड आहे! एक नाव विचारावं तर म्हातारी नऊ सांगते, त्यातली चार बाहेरची, म्हणजे लग्नाबाहेरची, आणि ती चार सांगताना आवाज खाली आणून शेजारणीला ऐकू जाईल एवढाच ठेवते. आणि नावं तरी कसली? शुगर! बोलो! टिन-टिन! मी म्हटलं, "टांटी," आमच्याकडे म्हाताऱ्या बायांना टांटीच म्हणतात, "यांचं खरं नाव?" तर म्हणते, "खरं नाव मयताच्या दिवशी रेडिओवर सांगतात पोरी, तेव्हा लिहून घे. आधीपासून घाई कशाला?"

अडतीस वारस निघाले. अडतीस! अकरा ब्रुकलिनमध्ये, नऊ तिकडे हडर्सफील्डला थंडीत, बाकीचे इथेच. थिओ अंकलनी सगळ्यांना फोन लावले, आणि फोनवर तर काय आनंदीआनंद! "अंकल, आम्ही तर सेलेस्टीनआजीचेच! समुद्राच्या बाजूची जागा आमच्यासाठी ठेवा हं!" वही मी भरली, आणि वहीतला प्रत्येक माणूस चिंचेच्या जवळ सरकत आला... फक्त बोझी राहिले मध्येच लोंबकळत. त्यांच्याबद्दल खरं सांगू शकेल असं एकच माणूस उरलंय, टांटी ऑझोरा, सेलेस्टीनबाईंची नात, वय चौऱ्याण्णव, डोळे गेलेले. तिला विचारलं, "टांटी, बोझी तुमचे भाऊ का?" ती म्हणाली, "बोझी आमच्या ताटात जेवला." मी म्हटलं, "हो, पण भाऊ का?" म्हणाली, "आजी सांगायची, ताटात जेवणाऱ्या पोराला तू आमचा नाहीस असं म्हणायचं नाही." आणि तोंड मिटून घेतलं. मलाच गहिवरून आलं. पण वहीत काय लिहू?

मग थिओ अंकलनी तोडगा काढला. "कागद राहू दे. शनिवारी वरच्या आळीत थडग्यावर दगड बसवल्याचं जेवण आहे, ढोल वाजणार. आपले पूर्वज आफ्रिकेतले टेमने, तो ढोल आपल्या घराण्याचा. वाजला की आपलं माणूस बसून राहत नाही. पाय उठतील त्याचे." झालं! सासूबाईंनी आठवडाभर केल्डनला नाचवला. अंगणात, कोंबड्यांमध्ये. आणि माझा नवरा, देवाच्या दयेने दिसायला चांगला आहे, पण नाचतो कसा, तर पायाला माशाचा गळ लागल्यासारखा.

शनिवारी दुपारी अख्खं गाव हजर. बोकड कापलेले, कढईत मक्याचा कू-कू रटरटतोय, आतल्या खोलीत पूर्वजांचं ताट मांडलेलं, रिंगणात रम शिंपडलेली. ढोल सुरू झाले. केल्डनला धीर यावा म्हणून त्याच्या मित्रांनी रिंगणाबाहेरही बरीच रम शिंपडली होती, त्याच्यात! त्यामुळे काँगोचा ढोल वाजला आणि माझा नवरा ताडकन उठून रिंगणात! दुसऱ्यांच्या पूर्वजांपुढे! सासूबाई दात ओठ खात, "बस! बस खाली, गाढवा!" लोक हसून हसून लोळायला आले. तेवढ्यात टेमने सुरू झाला, आणि केल्डन बसला! दमून!

मी त्याला उठवायला गेले हो. देवाशपथ, तेवढ्यासाठीच. पण रिंगणातून जावं लागलं, आणि तो ढोल... माझी आजी व्हर्ना कू-कू घोटताना तोंडाने हाच ताल धरायची, आणि डावी टाच मागे ओढून गर्रकन वळायची, आणि मी तिचा झगा धरून मागे मागे वळायचे. कशासाठी ते तिने कधी सांगितलं नाही. पाय आपोआप गेले. एक फेरी, दोन फेऱ्या... आणि एकदम टांटी ऑझोरा ओरडली, "ही टाच कोणाची? ही माझ्या अल्बानदादाची टाच! जमिनीवर घासल्याचा आवाज ओळखते मी! कोण नाचतंय?"

ढोल थांबला. "मी... जॉयलिन. व्हर्नाची नात."

"अल्बानची व्हर्ना!" टांटी म्हणाली. "पलीकडच्या गावातली, बाहेरची. दर ईस्टरला तो तिला शेळी पाठवायचा. सगळ्यांना माहीत होतं."

सगळ्यांना! शेळी मलाही माहीत होती हो, पांढरी, दर ईस्टरला यायची, आजी म्हणायची देवाने पाठवली!

म्हणजे सेलेस्टीनबाईंच्या रक्ताची मी! पाहुणी! टांटीने माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, कपाळ, नाक, हनुवटी, आणि मान हलवत राहिली... आणि खरं सांगते, त्या घटकेला मी खोल्याबिल्या सगळं विसरले होते.

पण थिओ अंकल विसरतात काय? बोटांवर मोजायला लागले. "अल्बानची मुलगी व्हर्ना. तिच्या लेकाची लेक ही. आता बोझी जर अल्बानचा भाऊ, तर बोझीचा नातू केल्डन हिचा..." सगळं गाव श्वास रोखून... "काका लागतो!"

पाद्रीबाबांच्या हातातला बोकडाचा तुकडा तसाच राहिला. केल्डन माझ्याकडे बघतोय, मी केल्डनकडे. आणि सासूबाई... तीस वर्षं, तीस वर्षं ज्या बाईने बोझींच्या रक्तासाठी निम्म्या बेटाशी भांडण घेतलं, ती बाई हातातलं ताट खाली न ठेवता उभी राहिली आणि म्हणाली, "काका? कसला काका? बोझी होडीतून आलेला पोरगा! लहान मुलालासुद्धा माहीत आहे! आमचा त्या घराण्याशी काडीचा संबंध नाही!" आणि खाली बसून जेवायला लागली.

जागा मला मिळाली. माझ्या एकटीला! थिओ अंकलनी स्वतः चार खुंट्या ठोकल्या, केल्डनने सिमेंटची पोती आणून रचली, लोक त्याला चिडवायला लागले, "काय पाहुणे, बायकोने आंबा खायची परवानगी दिली का?" मी मनातल्या मनात कडीसुद्धा निवडली होती, पितळेची.

आणि मंगळवारी दुपारी टांटी ऑझोराला डुलकी लागली! तिच्या स्वप्नात सेलेस्टीनबाई आल्या. उभ्याच होत्या म्हणे. म्हणाल्या, "माझं रक्त कोणाचं, माझं रक्त कोणाचं, सगळं बेट शोधतंय. पण माझ्या डोक्यावर अजून दगड नाही, ऐंशी पावसाळे नुसत्या मातीत आहे. जी घर बांधते आहे तिला सांगा, आधी माझं."

आता स्वप्नातला निरोप मोडायची छाती आमच्याकडे कोणाची आहे? थडगं बांधायचं, दगड बसवायचा, गावाला जेवण घालायचं, आणि हे रक्ताच्या माणसांनी करायचं. मी वही उघडली. अडतीस वारस! ब्रुकलिन म्हणालं, "आमची आजी बहुतेक दुसरी सेलेस्टीन असावी." हडर्सफील्डला आवाजच नीट पोहोचेना. इथली माणसं एकदम त्यांच्या आईच्या घराण्याची झाली. थिओ अंकल म्हणाले, "मी? मी फक्त बघतो गं जमिनीचं." सासूबाई म्हणाल्या, "आम्ही केलं असतं पोरी, पण आमचं रक्त नाही ना!"

मी काही बोलले नाही. बोलून काय करणार? टाच सगळ्या गावाने ऐकली होती.

मागच्या आठवड्यात झालं बांधून. छान झालंय अगदी, पांढरं, भक्कम, समोर समुद्र. सिमेंट सगळं त्यातच गेलं. संध्याकाळी मी आणि केल्डन तिथे जाऊन बसतो जरा वेळ... सेलेस्टीनबाईंकडे.